पायाळू माणसाचे ढग

उमापूरच्या एका लग्नात त्या माणसाने माझा भरलेला मंडप एका वाक्यात रिकामा केला. त्याला आता दहा वर्षं झाली, पण माझा राग गेलेला नाही. घरचे म्हणतात, सोडून द्या. का सोडून देऊ? मंडप माझा होता, नाव माझं होतं आणि पावसाचा एक थेंबही पडला नाही.

तरीही त्याच्याविषयी लिहायचं तर नुसत्या रागावर भागणार नाही. कारण माझ्याशी घासाघीस करून जिंकलेला तो एकटाच माणूस आहे.

मी मंडपवाला. पहार घेऊन मंडपाचे खड्डे खणण्यापासून सुरुवात केली. आता पाइप, कापड, खुर्च्या, जनरेटर, टेम्पो सगळं स्वतःचं आहे. भाव केल्याशिवाय मी कुणाकडून काही घेत नाही. एकदा दात काढायला गेलो, तर दोन काढले तर कमी कराल का, असं डॉक्टरला विचारून बसलो होतो. तो फोटोवाला. गेवराईत एसटी स्टँडच्या मागे त्याचा स्टुडिओ होता. लग्नसराईत आम्ही एकाच मांडवाखाली राबायचो. मी त्याला फोटोग्राफर म्हणायचो, तो मला शेठ.

आमच्याकडे लग्नाच्या तारखा दाटीने येतात त्या एप्रिल-मेमध्ये, आणि वादळंही त्याच महिन्यांत. दुपारी तीनच्या सुमाराला बालाघाटाच्या डोंगरावर ढग डोकं काढतो, बघता बघता वर चढतो, माथ्यावर लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट होतो आणि उघड्या माळावरून गोदावरीच्या दिशेने चालू लागतो. तो ढग दिसला की मी मंडपाच्या खुंट्या पुन्हा ठोकायला धावायचो. त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं.

लग्नात आला की तो आधी मंडपाला वळसा घालून मोकळ्यात जायचा आणि दक्षिणेकडे बघून यायचा. मगच कॅमेरा गळ्यात. ढगांसाठीचा कॅमेरा वेगळा, तो मोटारसायकलच्या पिशवीत युरियाच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेला. ढगाबद्दल तो भाजीबाजारातल्यासारखं बोलायचा. "कच्चा हाय शेठ अजून." "आता पिकला." बुडाशी हिरवट झाक दिसली की म्हणायचा, "ह्याच्या पोटात गारा हायेत. खालून कापड सोडून ठेवा." मी सोडून ठेवायचो, म्हणजे वारा आरपार जायचा. त्याचं ऐकून मी किती मंडप वाचवले ते सांगत नाही. सांगितलं तर उमापूरचा माझा राग हलका वाटेल.

युसूफ वडगावला एकदा नवरा-नवरीला हार हातात देऊन त्याने उभं केलं. "हां, असंच थांबा, हलू नका," म्हणाला आणि गेला. बाहेर मोटारसायकलचा आवाज आला. लोकांना वाटलं, सेल आणायला गेला असेल. नवरी हात वर करून थकली, नवऱ्याच्या मामाने शिव्या घातल्या, शेवटी कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला आणि पंगती बसल्या. दीड तासाने हा आला. सफारी भिजलेली, बुटांत चिखल, चेहऱ्यावर देव भेटल्याचा आनंद.

"झालं का?" म्हणाला.

"काय झालं का बे?" मी ओरडलो. "ते दोघं आता जेवायला बसले!"

"मग जेवतानी काढतो. झ्याक येतात जेवतानी."

स्टुडिओच्या एका भिंतीवर नवरा-नवरीचे फोटो आणि दुसऱ्या भिंतीवर ढग. त्या ढगांच्या फोटोंत माणूस नाही, झोपडी नाही, बैलही नाही. नुसता माळ आणि त्यावर उभा राहिलेला ढग, त्यात वरपासून खालपर्यंत उतरलेली वीज. मी विचारलं, यात एखादं माणूस का घेत नाहीस? तो म्हणाला, "माणूस मधी आला की फोटो नासतो. बघणारा त्याच्याच तोंडाकडं बघत बसतो."

आणि तो मोजायचा. वीज चमकली की चालू बोलणं तोडून पुटपुटायचा, "लाभ, दोन, तीन, चार..." आणि गडगडाट ऐकू आला की थांबायचा. त्याचा बाप अडत्याकडे मापाडी होता. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. याने विजेला बापाचीच मोजणी लावली होती. "तिनाला एक किलोमीटर," तो सांगायचा. पंधरापर्यंत मोजून झालं तर ढग पाच किलोमीटरवर.

गारपीट झालेल्या गावात तो गेला की आणखीच पंचाईत. अंगात सफारी, गळ्यात कॅमेरा. लोकांना वाटायचं, पंचनाम्याचा साहेब आला. बाया झोडपलेली मोसंबी पदराच्या ओट्यात घेऊन उभ्या राहायच्या, म्हातारे हात धरून बांधावर न्यायचे. हा साहेब नाही असं सांगायला त्याची जीभच उचलायची नाही. तो प्रत्येकाच्या शेतात जाऊन फोटो काढायचा आणि आठवड्याने स्वतः जाऊन फोटो वाटून यायचा, अर्जाला जोडा म्हणून. मी म्हणायचो, "अरे, निदान कागदाचे पैसे घे." तो म्हणायचा, "शेठ, माझा ढग त्यांच्या रानावरून गेलता. मला फोटो भेटला, त्यांना काय भेटलं?" जणू ढग त्यानेच सोडला होता.

लोकांना तरी तसं वाटू नये म्हणून तो एक गोष्ट सगळ्यांपासून लपवत होता. ती मला कळली माझ्या पाठीमुळे.

एका लग्नाचे पाइप टेम्पोत चढवताना माझ्या पाठीत उसण भरली. मी तिथेच ओणवा राहिलो, ना सरळ होता येईना ना बसता येईना. गडी इकडेतिकडे होते. हा आला, दोनदा आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाला, "शेठ, लाथ मारू का?"

"काय?"

"पायाळू हाय मी."

पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. अशा माणसाने लाथ मारली की उसण जाते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. आणि दुसरंही माहीत असतं, की वीज पायाळूला शोधत येते. आभाळ भरलं की पायाळूजवळ कुणी उभं राहत नाही.

त्याने बूट काढला, पाय माझ्या पाठीला टेकवला आणि एक ठेवून दिली. खरंखोटं देव जाणे, पण मी सरळ झालो.

त्या दिवशी गेवराईला परत येताना टेम्पोत त्याने सगळं सांगितलं. लहानपणी आभाळ गडगडलं की त्याची आई त्याला आतल्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांमागे बसवायची. अंगावर घोंगडी टाकायची, दाराला बाहेरून कडी. पोरावर वीज पडू नये म्हणून. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत त्याने एकही वादळ डोळ्यांनी बघितलं नव्हतं. पत्र्याला एक भोक होतं, त्यातून उजेड आत यायचा आणि पोत्यांवरची धूळ निळी व्हायची, एवढंच. मग आवाज. अंधारात करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तो मोजायचा.

"सोळा वर्षं मला नुसता आवाज दिला, शेठ," तो म्हणाला. "तोंड आता बघतोय."

माझी पाठ लई हलकी वाटत होती.

"कुणाला सांगू नका," तो म्हणाला. "लग्नाचं काम हाय. पायाळू मंडपात कोण घेईल?"

मी म्हणालो, "मला काय गरज?"

आता उमापूर. लग्न गावातल्या मोठ्या पुढाऱ्याच्या मुलीचं. तोवरच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मंडप मी तिथे उभा केला होता, लोखंडी पाइपांचा, वर पांढरं आणि निळं कापड. बायको आणि अकरा वर्षांची मुलगीही आली होती, माझा मंडप बघायला. अक्षता पडायच्या होत्या. माईकवरचा माणूस आलेल्या पुढाऱ्यांची नावं वाचत होता आणि जिल्ह्याचे एक मोठे पाहुणे अजून यायचे होते, म्हणून सगळं लांबवलं होतं. ढग डोंगरावर उठलेला मीही बघितला होता. फोटोग्राफर दोनदा माझ्याजवळ आला. "शेठ, माणसं हलवा. समदे लोखंडाला टेकून बसलेत." मी म्हणालो, पाहुणे येऊ दे. तिसऱ्या वेळी तो माझ्याकडे आलाच नाही. सरळ स्टेजवर चढला, माईक घेतला आणि म्हणाला, "वीज पडणार हाय. पाइपाला हात लावू नका, समदे शाळंत जा."

वीज म्हटल्यावर कोण थांबतं? बाया पोरं उचलून पळाल्या, खुर्च्या आडव्या झाल्या, नवरी तेवढी बाजूच्या मामाला धरून पाटावर उभी. आणि त्याच वेळी मोठ्या पाहुण्यांच्या गाड्या आल्या. स्वागताला रिकाम्या खुर्च्या आणि मी.

ढग आमच्यावर आला नाही. वळून गोदावरीकडे गेला. फक्त एक वीज पडली, दोन शेतं पलीकडे, बांधावरच्या कडुलिंबावर.

दोन शेतं! मी आजही म्हणतो, दोन शेतं म्हणजे लांब. तो म्हणायचा, दोन शेतं म्हणजे काय लांब हाय का शेठ? हा भाव आमचा कधी जुळला नाही.

लोक परत आले तेव्हा पुढारी सगळ्यांदेखत मला म्हणाला, "मंडपवाले, माणसं तुमच्या ताब्यात न्हाईत का?" एवढं बोलून त्याने पाठ फिरवली. माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरलं की मला पुढचं दिसत नाही, ही माझी जुनी खोड. मी फोटोग्राफरच्या हातातला माईक हिसकला आणि ओरडलो, "ह्याचं काय ऐकता? हा सोताच पायाळू हाय! वीज आली तर ह्याच्यामुळंच आली!"

त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दोन-तीन जणांनी पावलं मागे घेतली. त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, पत्र्याचं भोक कुणी बुजवलं तर बघेल तसं. मग कॅमेरा गळ्यातून काढून पिशवीत ठेवला आणि मोटारसायकल काढून ढगाच्या मागे गेला. या वेळी कुणाला थांबा म्हणाला नाही.

त्यानंतर मुलीचे बाप मंडप ठरवायला आले की आधी विचारायचे, "तो पायाळू फोटोवाला तर येत न्हाई ना?" दोन लग्नसराया गेल्या आणि स्टुडिओला कुलूप लागलं. कळलं की तो शिरूर कासारला गेला. मी म्हणायचो, बरं झालं, धंद्यात असा माणूस नकोच. पण पुढच्याच मे महिन्यात माझे दोन मंडप उडाले. ढग माझ्या डोळ्यांपुढे उठला होता. तो कच्चा की पिकलेला, हे सांगणारं कुणी नव्हतं.

मग यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. फोटोसाठी बीडचे, संभाजीनगरचे लोक बघून ठेवले होते, ड्रोनवाले. मुलगी म्हणाली, "ते काकाच पाहिजेत."

"कोणते काका?"

"पप्पा, तुम्ही माईकवर बोललात तेव्हा मी तिथं होते. मला तुमची लाज वाटली होती. त्यांना आणा, न्हाईतर फोटोच नकोत."

दहा वर्षं पोरीने हे पोटात ठेवलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी शिरूरला गेलो.

छोटं दुकान होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना कागदपत्रांसाठी फोटो लागतात, ते तो काढायचा. पांढऱ्या चादरीपुढे एका बाईला स्टुलावर बसवून तो म्हणत होता, "मावशी, हासा की जरा. कारखान्यावरचा माणूस बघणार हाय, घाबरला पायजे का?" केस पांढरे झाले होते. मला बघून तो दचकला नाही. काम संपवलं, चहा सांगितला.

"इथं कावून आलास राहायला?" मी विचारलं. सुरुवात कुठून करावी ते सुचेना.

"ढग इथंच उठतात. तिकडं मागं पळावं लागायचं. हितं दारात येतात."

मी मुलीच्या लग्नाचं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "येतो की. पण माझा भाव हाय."

मला बरं वाटलं. भावाची भाषा मला कळते. "बोल."

"माईकवर बोललात, ते पुन्हा माईकवर बोला. मी पायाळू हाय म्हणून."

"अरे, आता ते कशाला काढायचं? मी सांगतो ना, ते खोटं होतं म्हणून."

"खोटं कावून सांगता? हाय मी पायाळू. फकस्त पुढं एवढं जोडा, की पायाळू हाय हे ठाऊक असून तुमी सोता बोलावलंय."

"इथं, आत्ता, हात जोडून माफी मागतो."

"माईकवर."

"पंगतीत उभा राहून सांगतो. सगळे ऐकतील."

"माईकवर, शेठ. जिथं माल गेला तिथूनच परत आला पायजे."

"व्याही काय म्हणतील? पोरीच्या सासरचे लोक..."

"मग न्हाई जमत," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी चादर सरळ करू लागला. आयुष्यात मी हीच युक्ती शंभर वेळा वापरली आहे, उठायचं आणि जायला निघायचं. ती माझ्यावर कुणी वापरली नव्हती.

"ठीक हाय," मी म्हणालो.

लग्नाच्या दिवशी आमच्या गावातल्या माझ्याच मंडपात मी माईक हातात घेतला. व्याही पुढच्या रांगेत. मी म्हणालो, "हा फोटोवाला पायाळू हाय. दहा वर्षांमागं मी हेच बोललो होतो आन् ह्याचा धंदा बसला. आज मीच ह्याला बोलावलंय." पुढे काही ठरवलं नव्हतं, पण गप्प बसलो असतो तर रडलो असतो, म्हणून जे आठवलं ते बोललो. "ह्यानं मला एकदा लाथ मारली होती. माझी उसण जागेवर गेली."

मागच्या काही खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मग व्याह्यांची म्हातारी आई, पंच्याऐंशीच्या पुढची, कमरेला हात लावून उठली आणि म्हणाली, "मग आदी सांगायचं न्हाई व्हय? चार महिने झाले, माझी पाठ धरलीय."

मंडप हसला. म्हातारीमागे नवऱ्याचा काका उठला, त्याच्यामागे माझाच आचारी. कॅमेरा गळ्यात, एका पायात बूट, दुसरा पाय उघडा, असा तो स्टेजच्या बाजूला उभा राहिला आणि माझ्या व्याह्यांच्या खानदानाला क्रमाने लाथा मारू लागला. म्हातारीला त्याने नुसता पाय टेकवला आणि वाकून नमस्कार केला.

अक्षता झाल्या, पंगती उठल्या. चार वाजता तो माझ्याजवळ आला. बोलायच्या आधीच मी डोंगराकडे बघितलं. ढगाने डोकं काढलं होतं.

"कच्चा हाय का?" मी विचारलं.

"पिकलाय."

मी कारण विचारलं नाही. माईक घेऊन मीच माणसं शाळेत पाठवली, पाइपांपासून लांब. खालची कापडं सोडायला लावली. मग त्याच्याकडे बघितलं. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

"पाठवणी राहिलीय," मी म्हणालो.

"किती येळ?"

"अर्धा तास."

"धा मिनिटं."

"वीस. पोरगी आईच्या गळ्यात पडून रडणार, तिला वेळ नको?"

"गाडीत बसल्यावर रडू द्या. गाडीत वीज काय करत न्हाई. पंधरा."

पंधरात जमलं. मुलगी हसत-रडत गाडीत बसली. जाताना तिने खिडकीतून त्याला हाक मारली, "काका, पळा आता!" आणि तो खरंच पळाला. पाठवणीचा फोटो न काढता. माझ्या देखत, माझ्या मुलीच्या लग्नात, मोटारसायकलला लाथ मारून गेला. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. मी गाडीमागे थोडा चाललो. दूर वीज चमकली. मी मोजू लागलो, लाभ, दोन, तीन... वीसच्या पुढे गेल्यावर आकडा चुकला.

महिन्याने अल्बम आला. शेवटच्या पानावर पाठवणी आहे. त्याने ती शाळेमागच्या टेकाडावरून काढली आहे. सगळं पान ढगाने भरलेलं, बुडाशी हिरवट, पोटात वीज. खाली उघड्या माळावरून जाणारा रस्ता आणि त्यावर फुलं लावलेली गाडी, नखाएवढी. माझ्या मुलीचं तोंड दिसत नाही. पाठवणीच्या फोटोत नवरीचं तोंड दिसू नये, हे कुठल्या बापाला चालेल? मी फोन करून त्याला चांगलं झापलं.

तो म्हणाला, "तोंडं बाकीच्या पानांवर हायेत की."

"आणि तू तर म्हणायचास माणूस आला की फोटो नासतो."

"नासलाच हाय," तो म्हणाला. "नीट बघा."

मी पुन्हा अल्बम उघडला. रस्त्याच्या अलीकडच्या टोकाला एक ठिपका आहे. फेटा वाऱ्याने सुटलेला, एक हात वर केलेला, पाठमोरा माणूस. गाडी कधीच लांब गेली आहे आणि तो अजून हात हलवतोय. बायको म्हणते, तुम्हीच आहात. मी म्हणतो, मी हात केल्याचं मला आठवत नाही.